देश 1960 साली सुटला, खदान नाही सुटली: गॅबन, मॅंगनीज आणि आपला भंडारा

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

बपेऱ्याहून बोलतोय. मध्येच ट्रकचा आवाज येईल, त्याला इलाज नाही, घर रस्त्याला लागूनच आहे. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, अगदी टोकाला. नदी ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, "दादा, आफ्रिकेत सोनं हाय, हिरे हायेत, तेल हाय, आपल्या मोबाइलमधला कोबाल्टपण तिथलाच. इंग्रज, फ्रेंच जाऊन साठ वर्षं झाली. मंग ते देश अजून गरीब काहून? नेते चोर हायेत, एवढंच ना?"

एवढंच नाही. नेत्यांकडे मी येणार आहे, त्यांना सोडणार नाही. पण आधी गोरा साहेब गेल्यावर मागे काय राहिलं ते बघू. आणि त्यासाठी लगेच आफ्रिकेत जायची गरज नाही. इथून मोटरसायकल काढली की तासाभरात डोंगरी बुजुर्ग येतं. तिथून सुरुवात करू.

डोंगरी बुजुर्ग आणि चिखला, या आपल्या तालुक्यातल्या मॅंगनीजच्या दोन मोठ्या खदानी. (पुण्या-मुंबईचे श्रोते 'खाण' म्हणतील, आमच्याकडे खदानच म्हणतात.) मॅंगनीज म्हणजे काळा, जड दगड. तो मुख्यतः पोलाद करायला लागतो, त्याच्याशिवाय पोलादाला ताकद येत नाही. थोडा बॅटरीच्या सेलमध्ये जातो. डोंगरीचा दगड तर सेलसाठीच जास्त ओळखला जातो.

1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची मंडळी इथे दगड शोधायला आली. पुढे तिचंच नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मॅंगनीज ओअर कंपनी झालं. नावात सेंट्रल प्रॉव्हिन्सेस म्हणजे आपला मध्य प्रांत, पण कंपनीची नोंदणी विलायतेत. पहिल्या महायुद्धाच्या आधी मॅंगनीजमध्ये भारत आणि रशिया हे जगातले दोन मोठे देश होते आणि भारताच्या मालात नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्याचा वाटा सगळ्यात मोठा. आता इथे पोलादाचे कारखाने किती होते? जवळजवळ नाहीच. म्हणजे दगड फोडायचा, रेल्वेत भरायचा, बंदरावर न्यायचा आणि जहाजात टाकायचा. इंग्लंडच्या भट्टीत त्याचं पोलाद होणार आणि त्याचेच रूळ, यंत्रं विकत घेणारा पुन्हा आपणच.

तुमसर रोड ते तिरोडी ही रेल्वे लाइन नकाशावर काढून बघा, मोबाइलवर लगेच दिसेल. मुख्य लाइनवरून एक फाटा निघतो आणि गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत तिरोडीला जातो. तिरोडी म्हणजे पुन्हा मॅंगनीजचीच खदान. किती तरी दशकं ही लाइन तिथेच संपत होती. पुढे कटंगी हाकेच्या अंतरावर, तिथे तालुक्याची वस्ती, बाजार, माणसं. पण ती जोडणी झाली अगदी अलीकडे. कारण ही लाइन माणसांसाठी टाकलीच नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, आफ्रिकेत गेल्यावर लागेल.

आणखी एक गंमत. फर्मोर नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने 1909 मध्ये भारतातल्या मॅंगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या भागातल्या एका खडकाला त्याने नाव दिलं गोंडाइट. गोंड लोकांवरून! आजही जगभरच्या पुस्तकांत तो खडक याच नावाने आहे. नाव गोंडांचं, दगड कंपनीचा.

बरं, 1947 ला देश स्वतंत्र झाला. खदान कोणाची झाली? कोणाचीच नाही, म्हणजे होती त्याच विलायती कंपनीची. झेंडा बदलला, मालक तोच. पंधरा वर्षं असंच चाललं. जून 1962 मध्ये भारत सरकारने कंपनीशी करार करून मॅंगनीज ओअर इंडिया लिमिटेड काढली, तीच आजची मॉइल. त्यात केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून 51 टक्के आणि उरलेले 49 टक्के जुन्या विलायती कंपनीकडेच. हे 49 टक्के सरकारने घेतले तेव्हा साल होतं 1977. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पुरती तीस वर्षं. आपल्या आजोबांच्या पिढीने स्वतंत्र देशात, विलायतेत हिस्सा जाणाऱ्या खदानीत काम केलंय. शाळेच्या इतिहासात मला तरी हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता 1962 हेच साल पकडून गॅबनला जाऊ.

गॅबन मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा देश. जंगल भरपूर, माणसं कमी. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची जेवढी लोकसंख्या होती, 24 लाख, साधारण तेवढा हा अख्खा देश. 17 ऑगस्ट 1960 ला फ्रान्सकडून स्वतंत्र झाला. तिथे मोआंडा नावाचं गाव आहे, म्हणजे त्यांचं डोंगरी बुजुर्ग म्हणा, फक्त कित्येक पटींनी मोठं. जगातल्या सगळ्यात मोठ्या मॅंगनीज खदानींपैकी एक. ती चालवते कोमिलॉग नावाची कंपनी. 1953 मध्ये, फ्रेंच राज्य असतानाच ती निघाली, भागीदारीत अमेरिकेची यू. एस. स्टीलसुद्धा होती. आणि 1962 मध्ये, आपण इकडे 51 टक्के हातात घेत होतो त्याच वर्षी, मोआंडाचा पहिला माल परदेशी रवाना झाला.

कसा? आधी 76 किलोमीटर लांब हवाई रोपवेने, पाळण्यांमध्ये दगड भरून, शेजारच्या काँगोच्या हद्दीपर्यंत. तिथून रेल्वेने समुद्रावर. ती काँगो-ओसियान रेल्वे फ्रेंचांनी 1921 ते 1934 या काळात वेठबिगारीने बांधली आणि त्यात हजारो मजूर मेले. पुढे 1986 पर्यंत गॅबनने स्वतःची रेल्वे पूर्ण केली. ती कुठून कुठे जाते? खदानीच्या भागातून बंदराला. तिरोडीची लाइन आठवली ना? आणि ही देशातली एकमेव रेल्वे चालवायचा ठेका ज्या कंपनीकडे आहे ती कोमिलॉगचीच उपकंपनी. म्हणजे दुसऱ्या कोणाला खदान काढायची असली तरी माल न्यायचा यांच्याच रुळावरून.

आज कोमिलॉगमध्ये सुमारे 64 टक्के हिस्सा एरामेट या फ्रेंच कंपनीचा आहे. गॅबन सरकारचा 29 टक्क्यांच्या आसपास. आणि एरामेटमध्ये खुद्द फ्रेंच सरकारचा पाव हिस्स्याहून थोडा जास्त वाटा. स्वातंत्र्याला साठ वर्षं उलटून गेल्यावरही त्या दगडात गॅबनचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आपल्याकडे तीस वर्षांत 100 टक्के झाला होता.

इथे कोणी म्हणेल, कंपनीने पैसा लावला, यंत्रं आणली, तर नफा नेईलच ना. बरोबर आहे. नफा नेण्यात पाप नाही. भांडण आहे ते नफा मोजतो कोण, यावर.

उदाहरण धानाचं घेतो, आपला धानाचाच जिल्हा. समजा तुमचं शेत एका मोठ्या व्यापाऱ्याला कसायला दिलं, बोली अर्ध्या हिश्श्याची. हंगामाला तो येऊन सांगतो, "धान 1,500 रुपये क्विंटलने गेला, हे घ्या तुमचे 750." तुम्ही विचारता, घेतला कोणी? तर त्याच्याच भावाच्या दुकानाने. आणि भावाने तोच धान बाजारात 2,300 ला विकला. मधले 800 रुपये घरातच राहिले, पण तुमच्या हिशोबात आले नाहीत. कागदावर सगळं चोख. मोठ्या कंपन्यांमध्ये या खेळाला ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात. खदानीची कंपनी आफ्रिकेत, खरेदी करणारी तिचीच बहीण-कंपनी स्वित्झर्लंडसारख्या कमी कराच्या देशात. आफ्रिकेत नफा दाखवायचाच नाही, म्हणजे कर लागत नाही.

ही हवेतली गोष्ट नाही. झांबियात मोपानी नावाची तांब्याची खदान होती, मालक स्वित्झर्लंडची ग्लेनकोर. 2006 ते 2009 या काळात तांबं ग्लेनकोरलाच बाजारभावाच्या खाली विकलं, असं तिथल्या कर खात्याचं म्हणणं होतं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि मे 2020 मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कर खात्याच्या बाजूने निकाल दिला, सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलरच्या कराचा. चौदा वर्षांपूर्वीच्या मालाचा कर! झांबिया निदान लढला. अनेक देशांकडे असले हिशोब तपासणारे अधिकारीच मोजके असतात आणि समोर लंडन-पॅरिसच्या वकिलांची फौज. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या समितीने 2015 मध्ये अंदाज दिला होता की अशा वेगवेगळ्या वाटांनी आफ्रिकेतून दरवर्षी किमान 50 अब्ज डॉलर गुपचूप बाहेर जातात.

दादाभाई नौरोजींनी आपल्याबद्दल हेच तर सांगितलं होतं, की संपत्ती वाहून चाललीय. तेव्हा ती राज्यकर्ता म्हणून नेली जायची, आता इनव्हॉइस फाडून.

आता पैशाचं, म्हणजे नोटेचं. हा भाग मला स्वतःला समजायला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो. गॅबनचं चलन आहे सीएफए फ्रँक. 1945 मध्ये फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी काढलेलं. आजही 14 देशांत ते चालतं. त्याचा भाव आधी फ्रेंच फ्रँकला बांधलेला होता, आता युरोला, एका युरोला 655.957. या बदल्यात अट काय होती? देशांनी आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा पॅरिसला, फ्रान्सच्या सरकारी तिजोरीत ठेवायचा. आधी 65 टक्के, पुढे 50. तुमच्या आईच्या बचत गटाचे निम्मे पैसे जुन्या सावकाराच्या कपाटात ठेवायचे, असं समजा. सावकार म्हणतो, मी हमी देतो ना! आणि हमी खरीच मिळते, महागाई आटोक्यात राहते, हेही सांगायला हवं. पण जानेवारी 1994 मध्ये एका रात्रीत या चलनाची किंमत निम्मी केली गेली. सकाळी उठले तर बाहेरून येणाऱ्या औषधाला, गव्हाला दुप्पट पैसे. आपल्याकडे नोटबंदीत रांगा लागल्या होत्या, तो निर्णय चूक की बरोबर यावर भांडा, पण तो दिल्लीत झाला होता. तो जर लंडनला विचारून झाला असता तर? 2019 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांसाठी गंगाजळीची अट काढायचं ठरलं. गॅबन त्या आठांत नाही, तो मध्य आफ्रिकेच्या गटात येतो.

आता नेते. श्रोत्याने विचारलं होतं, चोर आहेत का? गॅबनमध्ये ओमर बोंगो 1967 पासून 2009 मध्ये मरेपर्यंत राष्ट्राध्यक्ष. मग मुलगा अली बोंगो, 2023 च्या ऑगस्टमध्ये लष्कराने हटवेपर्यंत. म्हणजे साडेपाच दशकं एकच घर. तेल, मॅंगनीज, लाकूड असलेल्या या देशात साधारण तिसरा हिस्सा लोक गरिबीत. चोरी झाली का, तर झालीच. पण त्या घराला एवढी वर्षं आधार कोणाचा होता, हेही विचारा. आणि जे वाकले नाहीत त्यांचं काय झालं तेही बघा. काँगोचा पहिला पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा, देश स्वतंत्र झाल्यावर सात महिन्यांच्या आत, जानेवारी 1961 मध्ये मारला गेला. तोही कटांगात, जिथल्या तांब्याच्या खदानी बेल्जियन कंपनीकडे होत्या. बेल्जियमने आपली नैतिक जबाबदारी मान्य करून माफी मागितली ती 2002 मध्ये. घानाच्या एन्क्रुमांनी 1965 मध्ये या सगळ्या कारभारावर पुस्तक लिहिलं, 'नव-वसाहतवाद' हा शब्द त्या पुस्तकाने गाजवला. पुढच्याच वर्षी, परदेश दौऱ्यावर असताना, त्यांची सत्ता गेली. घानातल्या न्सुटाची मॅंगनीज खदान आज 90 टक्के चिनी मालकीच्या कंपनीकडे आहे, घाना सरकारकडे 10.

चीनचं नाव आलं म्हणून खूश होऊ नका. आपणही आहोत त्यात. झांबियातल्या चिंगोला भागात कोंकोला कॉपर माइन्स आहे, तिची मुख्य कंपनी वेदांता. मालक भारतीय, कंपनी लंडनची. तांब्याच्या खदानीच्या सांडपाण्याने आमची नदी, शेती खराब झाली, असं म्हणत तिथल्या 1,800 हून जास्त गावकऱ्यांनी थेट लंडनच्या कोर्टात दावा लावला. कंपनीचं म्हणणं, खटला झांबियात चालवा. एप्रिल 2019 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने गावकऱ्यांना तिथे खटला चालवायची मुभा दिली. पुढे 2021 मध्ये, कंपनीने दोष मान्य न करता, तडजोड झाली. आणि गॅबनचं मॅंगनीजही आपल्याकडे येतं बरं का. देशाला जेवढं लागतं तेवढं आपल्या खदानींतून निघत नाही, म्हणून गॅबन आणि दक्षिण आफ्रिकेहून जहाजं येतात. एके काळी आपण दगड पाठवणारे होतो, आता मागवणारे.

मग आपण सुटलो कसे? खूप वाचून माझं मत असं झालंय की 51 टक्के, 100 टक्के हे अर्धंच उत्तर आहे. 1959 मध्ये, म्हणजे मॉइलच्या तीन वर्षं आधी, भिलाईची पहिली भट्टी पेटली होती, रशियाच्या मदतीने, आणि तीही आपल्याच रेल्वे लाइनवर. दगड बंदराऐवजी भिलाईला जाऊ शकत होता. मालकी मिळाली तेव्हा माल घ्यायला घरचं गिऱ्हाईक होतं. गॅबनने उद्या खदान ताब्यात घेतली तरी दगड विकणार कोणाला? ज्याच्याकडे भट्टी आहे त्यालाच. भाव तोच सांगणार.

बोट्सवानाने हे ओळखलं. 1966 ला स्वतंत्र झाला, पुढच्या वर्षी हिरे सापडले. डी बिअर्ससोबत निम्मी-निम्मी कंपनी केली आणि मग नेट लावून मागत राहिले की हिऱ्यांची निवड, विक्री आमच्याकडे करा. 2013 मध्ये ती लंडनहून त्यांच्या राजधानीत, गाबोरोनेला आली. सत्तेचाळीस वर्षं लागली. पण तिथल्या पोरांना हिरा पारखायची नोकरी मिळाली.

आता गॅबननेही पाऊल टाकलंय. मे 2025 च्या शेवटी तिथल्या नव्या सरकारने जाहीर केलं की 1 जानेवारी 2029 पासून कच्च्या मॅंगनीजची निर्यात बंद, प्रक्रिया देशातच व्हायला हवी. 2010 मध्ये त्यांनी लाकडाच्या ओंडक्यांबाबत असंच केलं होतं आणि राजधानीजवळ न्कोकला प्लायवूडचे कारखाने उभे राहिले. त्यात भारतीय आणि चिनी मालकही आहेत, ते असू द्या, काम तिथे होतं. पण दगडाचं गणित लाकडासारखं नाही. एक टन फेरो मॅंगनीज करायला अडीच-तीन हजार युनिट वीज लागते. आणि गॅबनच्या राजधानीतच लाइट जाते.

हे वाचलं तेव्हा मला माणेकनगर आठवलं. तुमसरजवळचा फेरो मॅंगनीजचा कारखाना, वर्षानुवर्षं बंद पडलेला. आपल्याकडे दगड घरचा, खदान सरकारची, रेल्वे दारात, तरी भट्टी विझली आणि त्यातही वीजबिल हा मोठा मुद्दा होता. डोंगरीला मॉइलचा बॅटरीसाठी लागणारी पावडर बनवायचा प्लांट आहे, तो सोडला तर आजही इथला बराचसा दगड दगड म्हणूनच जिल्ह्याबाहेर जातो. म्हणजे आपल्या तालुक्यापुरतं बघितलं तर आपण अजून थोडे गॅबनच आहोत, फक्त पॅरिसच्या जागी दुसरी शहरं. यावर तुम्ही माझ्याशी भांडू शकता. एक फरक मात्र मोठा आहे, आपण विचारू शकतो. 2015 च्या कायद्याने प्रत्येक खनिज जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. त्याआधीपासून चालू असलेल्या खदानींनी रॉयल्टीच्या 30 टक्के एवढी रक्कम त्यात वेगळी भरायची आणि ती खदानीने बाधित गावांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर खर्च व्हायची. भंडाऱ्याचंही प्रतिष्ठान आहे. कोणत्या गावाला किती गेले, हे ग्रामसभेत विचारता येतं, माहितीच्या अधिकारात मागता येतं. मोआंडाच्या पोराला कोमिलॉगचा हिशोब असा मागायची सोय आपल्याएवढी सोपी नाही.

मी अर्ज टाकतोय. उत्तर आलं की त्यावर वेगळा भाग करू, आकडे जसे येतील तसे वाचून दाखवेन. तोवर एक काम तुमच्याकडे. तुमच्या घरी कोणी आजोबा, आजी चिखला किंवा डोंगरीला 1977 च्या आधी कामाला असतील, तर त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि एवढंच विचारा: कंपनी गेली आणि सरकार आलं, त्या दिवशी खदानीत काय बदललं? हजेरी, मजुरी, साहेब, काहीही. आवाज बारीक असला, मध्ये कोंबडी ओरडली, तरी चालेल. पाठवा.